चढावरची शिट्टी

फोन आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. गॅरेजात एक करडी डिझेल गाडी उभी होती, तिचा पुढचा बंपर उतरवून भिंतीला टेकवला होता, आणि तो तिच्या नाकाशी उकिडवा बसून जुना इंटरकूलर सोडवत होता. नंबर अनोळखी होता. हात तेलाने माखलेले, म्हणून त्याने करंगळीने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या हवालदाराने गाडीचा नंबर वाचून दाखवला, तुमचीच का म्हणून विचारलं, आणि चढाच्या रस्त्यावर तिला ट्रकने ठोकलंय असं सांगितलं. "गाडी कशी आहे?" त्याने विचारलं. पलीकडे वारा वाहत होता आणि कुणीतरी कुणाला तरी, दोरी धर, अरे दोरी धर, म्हणून ओरडत होतं. मग तो हवालदार म्हणाला, "अहो, गाडीचं काय घेऊन बसलात? बाई गेल्या." करड्या गाडीचा मालक शेजारीच स्टुलावर बसला होता. त्याने सगळं ऐकलं. तो उठला, याच्या खांद्यावर हात ठेवला, काढून घेतला, दाराशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. त्याच्या मते पुरेसा वेळ झाल्यावर तो परत आला आणि म्हणाला, "वाईट झालं हो मिस्त्री, फार वाईट झालं. मग ही... ही आज नाहीच ना होणार?" "परवा बघू," मिस्त्री म्हणाला. खरंच म्हणाला, परवा. मग पाने पुसून मापाप्रमाणे खणात लावले, आठ, दहा, बारा, तेरा, आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, कारण बायकोला घरात तेलाचा हात चालत नसे.

नंतर कितीतरी दिवस तो त्या प्रश्नाची वकिली करत राहिला. सव्वीस वर्षं हाच धंदा. कुणीही येऊन ठोकली म्हटलं की तोंडातून तेच निघतं, त्यात एवढं काय. डॉक्टर नाही का आधी नाडी धरत. पण वकिली चालू असतानाच आतून दुसरं कुणीतरी शांतपणे म्हणत असे, तू सवयीने नाही विचारलंस. तुला ठाऊक होतं म्हणून विचारलंस.

त्याचं काम इंजिनाची ताकद वाढवायचं. लोक चांगल्या चालणाऱ्या गाड्या घेऊन येत आणि म्हणत, मिस्त्री, हिच्यात जीव नाही. लग्न नवीन असताना त्याने बायकोला हे काम समजावून सांगितलं होतं. इंजिनातून जो धूर बाहेर वाया जातो, त्याच्या जोरावर एक चाक फिरवायचं, टर्बोचं. त्या चाकाला जोडलेलं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, तर डिझेल जास्त जळतं, तर ताकद जास्त. पण हवा दाबली की तापते. सायकलला पंप मारताना त्याचं बूड तापतं ना, तशी. आणि तापलेली हवा विरळ होते, मग एवढी कोंबून उपयोग काय? म्हणून ती आत जाण्याआधी गाडीच्या नाकाशी बसवलेल्या जाळीतून, म्हणजे इंटरकूलरमधून, फिरवायची, समोरच्या वाऱ्यावर गार करायची. गार हवा दाट असते. एवढंच आहे सगळं. बायको डोळे तपासायची, चष्म्याचे नंबर काढायची, तिला अशा गोष्टी पटकन कळत. ती म्हणाली, "म्हणजे आधी माणसाला तापवायचं आणि मग गार करत बसायचं. हे तर तुम्ही घरी फुकट करता." तो हसला होता. तेव्हा तिचं बोलणं त्याला लागत नसे. नंतर लागायला लागलं, आणि त्याने ते शिकून घेतलं, आणि तिच्यापेक्षा चांगलं बोलायला लागला.

आठवड्यातून दोन दिवस ती वरच्या अंगाच्या वस्त्यांवर जाई. मागच्या सीटवर तपासणीच्या भिंगांची पेटी, अक्षरांचा तक्ता गुंडाळून. आपल्या गाडीत तिला ताकद नको होती. तिला फक्त हीटर चालायला हवा होता आणि आरसा थरथरायला नको होता. आरसा थरथरतो हे तिने दोन वर्षं सांगितलं. आणि तो त्या गाडीवर आपले प्रयोग करत असे. नवीन काहीही आलं की आधी बायकोच्या गाडीला लावायचं, महिनाभर बघायचं, मग गिऱ्हाइकाला द्यायचं. या धंद्यातले सगळेच असं करतात, घरची गाडी म्हणजे पाटी, लिहा आणि पुसा. दोन महिन्यांपूर्वी त्याने तिच्या गाडीला मोठा इंटरकूलर बसवला आणि हवेचा दाब वाढवला. जुना पाइप लांबीला पुरेना म्हणून ॲल्युमिनियमचा नवा कापला. अशा पाइपाच्या तोंडाला बाहेरून उठावाची कड काढावी लागते, म्हणजे वर चढवलेला होज, ती रबरी नळी, दाबाने घसरत नाही. कड काढायचं हत्यार त्या दिवशी दुसऱ्या गॅरेजवाल्याने नेलं होतं. गुळगुळीत पाइपावरच त्याने होज चढवला आणि साध्या स्क्रूच्या क्लॅम्पने आवळला. जाड बोल्टचा क्लॅम्प एकच शिल्लक होता, तो गिऱ्हाइकाच्या गाडीला गेला. आठवड्यात परत उघडतो आणि कड काढतो, असं तो तिला म्हणाला. तिला नव्हे, स्वतःला म्हणाला. तिला पाइप म्हणजे काय ते सांगितलंच नव्हतं. सात आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यात ती जेवताना म्हणाली, "गाडी चढावर शिट्टी वाजवते."

"टर्बो आहे. शिट्टी वाजणारच."

"तशी नाही हो. ती नेहमीची मला माहिती आहे. ही वेगळी आहे. कुणी दातातून हवा काढल्यासारखी. चढावरच येते, सपाटीला नाही."

मुलगीही ताटावर होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली त्यांची एकुलती एक मुलगी, आईच्या बाजूने बोलायला नेहमी तयार असलेली. ती काही बोलायच्या आत तो म्हणाला, "तू डोळे तपास. कानाचं माझ्यावर सोड." मुलगी हसली. तिच्या आईची खोड मोडली की ती हसायची, तेवढंच बापाच्या वाट्याला यायचं. आपल्या बोलण्यावर मुलगी हसली याचा त्याला त्या दिवशी आनंद झाला होता. बायकोने पाण्याचा पेला उचलला, प्यायली, आणि परत त्या गाडीचा विषय काढला नाही. ती तशीच होती. एकदा बोलायची.

चौथ्या दिवशी गाडीतलं सामान घ्यायला त्याला पोलिसांच्या आवारात बोलावलं. मोडक्या गाड्या ओळीने लावलेल्या, त्यांच्यात गवत उगवलेलं. तिची गाडी शेवटून दुसरी. उजवी बाजू नव्हतीच, डावी बाजू अगदी नुकती धुतल्यासारखी. भिंगांची पेटी उघडली होती आणि दोन-तीन गोल काचा सीटच्या फटीत शाबूत होत्या. हवालदार म्हणाला, घ्या काय घ्यायचंय ते, मी सावलीत आहे. तो पेटी घेऊन मागे फिरला असता तर सगळं वेगळं झालं असतं, पण बॉनेट अर्धं उघडं होतं आणि ते बघून न वाकणं त्याला जमलंच नसतं. तो वाकला. डाव्या बाजूचा होज पाइपावरून निघून खाली लोंबत होता. फाटला नव्हता. ओरखडासुद्धा नव्हता. क्लॅम्प होजवर तसाच, आवळलेला, आत काही नसताना. धडकेने निघालेला होज असा निघत नाही. धडकेत तो फाटतो, पाइप वाकतो, जाळी चेपते. इथे पाइप सरळ होता, त्याच्या हाताने कापलेला, गुळगुळीत, तोंडाशी तेलाने चमकणारा. टर्बोतून हवेबरोबर थोडी तेलाची वाफ येतच असते. डाव्या दिव्याच्या पाठीमागे त्या तेलाचा पंख्यासारखा फवारा उमटला होता, ताजा, ओला. म्हणजे होज उडाला तेव्हा इंजिन पूर्ण जोरात होतं. आधी होज. मग ट्रक. त्याने खिशातून रुमाल काढला आणि दिव्याची पाठ पुसली. वरून खाली, मग आडवी. मग होज उचलून पाइपावर चढवला, तळव्याने ठोकून पूर्ण आत बसवला, आणि किल्लीच्या जुडग्यातल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने क्लॅम्प आवळला. पाच मिनिटंही लागली नाहीत. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच हात कुठल्यातरी कामाचे झाले होते, आणि क्लॅम्पचा शेवटचा आटा बसला तेव्हा त्याला बरं वाटलं. या बरं वाटण्याला तो पुढे कधीच माफ करू शकला नाही. बाकी गोष्टींना कारणं तरी होती.

दोन दिवसांनी सरकारी तपासनीस आला, त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, ब्रेक बघितले, टायर बघितले, बॉनेटमध्ये डोकावला आणि लिहिलं, यांत्रिक दोष आढळला नाही. नंतर गाडी ताब्यात मिळाली. मुलगी म्हणाली, ती गाडी मला परत दिसता कामा नये. मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, ती उचलून थेट भंगारात नेली आणि समोर उभं राहून दाबून घेतली. संध्याकाळी येऊन म्हणाला, "भाऊजी, एवढीशी झाली. पेटीएवढी." हाताने माप दाखवलं. त्याने ते माप बघितलं.

मेहुण्यानेच ट्रकवाल्याच्या जबाबाची नक्कल आणली. मेहुणा शाळांना बाकं पुरवायचा, सगळ्या कचेऱ्यांत त्याची ऊठबस, कागद काढण्यात पटाईत. बहिणीवर त्याचा जीव होता आणि तो जीव आता कुठेतरी लावायला हवा होता. बाहेरच्या खोलीत बसून त्याने जबाब मोठ्याने वाचून दाखवला. ट्रक फरशा भरून उतारावरून येत होता. समोरून बाई एका टँकरला ओलांडत होत्या. जागा भरपूर होती, त्या सहज निघाल्या असत्या. एवढ्यात गाडीतून फट्ट असा आवाज आला, मागून काळा धूर आला आणि गाडी जागच्या जागी बसली. ब्रेक लावला, पण भरलेला ट्रक थांबेना. मेहुणा वाचता वाचता थांबला. "काळा धूर म्हणे! ऐकताय ना भाऊजी? आता मेलेल्या माणसाच्या गाडीवर ढकलतोय. उद्या म्हणेल बाईच आकाशातून पडल्या."

"अजून काय लिहिलंय?" मुलीने विचारलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. या आठ दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"अजून काय लिहिणार? मी नाही त्यातला, दुसरं काय! बरं, आपल्या घरात एवढा जाणकार माणूस बसलाय. तुम्हीच सांगा भाऊजी. तुमच्या हातची गाडी. असं होईल?"

दोघं त्याच्याकडे बघत होते. त्याला काळा धूर दिसत होता. होज उडाला की हवा बाहेर जाते, डिझेल तेवढंच येत राहतं, अर्धवट जळतं, काजळी होते. पायाखालचं पेडल मेल्यासारखं होतं, कितीही दाबा. ट्रकवाल्याने एक अक्षरही इकडचं तिकडे केलं नव्हतं. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. मुलगी चौकट सोडून एक पाऊल पुढे आली. तिचे डोळे आईचे होते, तेच बघणं, समोरच्याने कुठलं अक्षर चुकीचं वाचलं ते टिपणारं.

"नाही होणार," तो म्हणाला.

"त्याला सोडायचं नाही बाबा," मुलगी म्हणाली. ती येऊन त्याच्याशेजारी बसली, त्याच्या खांद्याला डोकं टेकवलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा रडली. तो सरळ बसून राहिला. खांदा हलू नये एवढीच काळजी घेतली.

त्यानंतर त्याचे दिवस कामात जायला लागले आणि काम अंगावर यायला लागलं. तो प्रत्येक पाइपाला कड काढत होता. नवीनच काय, कुणी तेल बदलायला आलेलाही असला तरी बॉनेट उघडून त्याचे सगळे जोड बोटाने चाचपत होता. गिऱ्हाइकं खूश होती. मिस्त्री दुःखात असूनही कामात कसूर नाही, असं लोक बोलत, आणि ते त्याच्या कानावर येत असे. कान आता फार तीक्ष्ण झाले होते. दुपारी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकून तो सांगू शकत होता, हिचा जोड सुटत आलाय, ही आणखी पंधरा दिवस काढेल. कुणाला थांबवायला तो बाहेर गेला नाही. घरी, सकाळी दाढी करताना, त्याला बायकोचा कामातला प्रश्न आठवायचा. ती माणसाच्या डोळ्यासमोर एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायची, हे बरं, की आधीचं बरं? लोक गोंधळायचे. दोन्ही सारखंच म्हणायचे. ती कंटाळत नसे. पुन्हा धरायची. एकदा तिने त्याचेही डोळे तपासले होते, आणि त्याने प्रत्येक काचेला मुद्दाम उलटं उत्तर दिलं होतं, गंमत म्हणून. शेवटी ती म्हणाली, "तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही माणूस खोटारडे आहात." दोघंही हसले होते. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली असतील. आता आरशात फेसाने माखलेलं तोंड बघताना ते हसणं कुठे गेलं ते तो शोधत असे, आणि ते कुठेच गेलेलं नव्हतं, फक्त आता त्यात गंमत नव्हती. तिची आठवण चांगली यावी म्हणून त्याने प्रयत्न करून पाहिला. येत नसे. यायचं ते तिचं चूक काढणं, तिचं गप्प बसणं, पाण्याचा पेला. त्याला तिचा राग यायचा. दोनदा का नाही बोललीस? तिसऱ्यांदा भांडायचं होतंस. ताट आपटायचं होतंस. एवढी वर्षं संसार केलास, नवऱ्याला एका वाक्यात कळत नाही हे तुला ठाऊक नव्हतं? असं तो तिच्याशी भांडायचा, दाढी अर्धी ठेवून, आणि भांडण जिंकायचा. समोर कुणी नसलं की तो नेहमीच जिंकत असे.

ट्रकवाला जामिनावर सुटला होता. एका दुपारी तो गॅरेजच्या दाराशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, बुटका, दंडावर प्लॅस्टर. त्याने पायातल्या चपला दाराबाहेर काढल्या, जसं काही घरातच येत होता.

"मिस्त्री तुम्हीच ना?"

"काय काम आहे?"

"मी तो... चढावरचा ट्रक मी चालवत होतो."

मिस्त्रीच्या हातात पाना होता. तो त्याने खाली ठेवला नाही. ट्रकवाला पाठीमागे सरकला नाही. त्याने एकदा पान्याकडे बघितलं आणि मान हलवली, मारा, बरोबर आहे, अशी. मग बोलायला लागला. "माझ्या वकीलबाई म्हणाल्या, त्या घराकडे फिरकायचं नाही. माझा भाऊ म्हणाला, वेडा झालास का. पण मी म्हटलं, तो माणूस मेकॅनिक आहे. तेवीस वर्षं ट्रक चालवतोय, मला कुणाला सांगितलं तर कुणाला कळेल, तर मेकॅनिकला. पोलिसाला काय कळतं हो? त्याला धूर म्हटलं तर तो म्हणतो, विडीचा का?" हसला नाही. "मला सुटायचं म्हणून नाही आलो. म्हणजे, सुटायचं तर आहेच, खोटं कशाला बोलू. पण तो आवाज माझ्या डोक्यातून जात नाही. फट्ट. टायरचा नव्हता तो. टायरचा मला झोपेत ओळखू येतो. तुम्ही सांगा कशाचा होता. एवढंच सांगा."

"बसा," तो म्हणाला.

ट्रकवाला स्टुलावर बसला. त्या क्षणी मिस्त्रीला काय हवंय ते त्याचं त्यालाच कळलं. या माणसाने तिला शेवटचं बघितलं होतं. या एकट्यानेच. तो पाना मांडीवर ठेवून समोर बसला आणि तपासनीसासारखा विचारायला लागला. किती अंतर होतं? आवाज आधी की धूर आधी? धूर किती? मागची गाडी झाकली जाईल एवढा? ट्रकवाला प्रत्येक प्रश्नाला जीव तोडून उत्तर देत होता. कुणीतरी नीट विचारतंय, या नुसत्या गोष्टीने त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. तो हाताने रस्ता काढून दाखवत होता, इथे टँकर, इथे ताई, इथे मी. ताई म्हणत होता.

"तिचा चेहरा दिसला?"

ट्रकवाला थांबला. "नको ना ते मिस्त्री."

"दिसला की नाही?"

"दिसला."

"घाबरली होती?"

"नाही. माझ्याकडे बघतच नव्हत्या त्या. खाली बघत होत्या, पायाकडे. पाय असा आपटत होत्या, एक, दोन, तीन. आणि चेहरा..." त्याने शब्द शोधला. "चिडल्या होत्या. घाबरलेला माणूस मी बघितलाय, तसं नव्हतं. आपण घरच्या कुणावर चिडतो ना, की सांगितलं होतं तरी केलं नाहीस, तसं काहीतरी. मग वर बघितलं. तेव्हा मी जवळ आलो होतो."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिं पिं चालू होती. बायकोला कळलं होतं. त्या दोन-तीन सेकंदांत ट्रक, टँकर, दरी, मुलगी, कशाकडेही न बघता ती त्याच्यावर चिडली होती. शेवटचं जे काही तिच्यात होतं ते तिने त्याला दिलं. त्याला असं वाटलं की त्याला हवं होतं ते मिळालं आहे, आता या माणसाने इथे बसायचं कारण नाही.

"तुम्ही खोटं बोलताय," तो म्हणाला.

ट्रकवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, तुम्हीच तर एवढं विचारलंत..."

"मी बघत होतो किती रचून सांगता ते. धूर वगैरे काही होत नसतं. तुम्ही जोरात होतात, तुमचा ट्रक आवरला नाही. माझ्या बायकोच्या गाडीचा एक-एक नट माझ्या हातचा आहे."

"मिस्त्री," ट्रकवाला हळूच म्हणाला, "तुम्हाला कळलंय." हे त्याने आरोप म्हणून म्हटलं नाही. नवल वाटल्यासारखं म्हटलं. तो उठला, दाराशी गेला, एका हाताने चपला सरळ करून पायात घातल्या. प्लॅस्टरमुळे दुसरा हात चालत नव्हता, वेळ लागला. मिस्त्री बघत राहिला. मदत करायला उठला नाही.

कोर्टात त्याला साक्षीला बोलावलं ते सरकारी बाजूने, मयताचा नवरा म्हणून आणि जाणकार म्हणूनही. मेहुण्याने त्याच्यासाठी इस्त्रीचा शर्ट आणला होता. खोली लहान होती, पंखा एका बाजूला झुकून फिरत होता. ट्रकवाल्याची वकीलबाई तरुण होती, सर्दी झालेली, दर दोन वाक्यांनी नाक पुसत होती. तिने अभ्यास केला होता, पण तो कुणीतरी सांगितलेला, ऐकीव. तिने विचारलं, टर्बोच्या गाडीत हवेचा होज सुटला तर ताकद जाते का? न्यायाधीश म्हणाले, साक्षीदाराने सोप्या भाषेत समजावून सांगावं. आणि त्याने सांगितलं. वाया जाणारा धूर, त्यावर फिरणारं चाक, कोंबलेली हवा, सायकलचा पंप, तापणं, विरळ होणं, जाळी, समोरचा वारा, गार आणि दाट. तो सव्वीस वर्षांत एवढं चांगलं कधी बोलला नव्हता. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. टंकलेखकही बघत होता. होज सुटला तर काय होतं तेही त्याने सांगितलं, आवाज, काळा धूर, मेलेलं पेडल, सगळं, जसंच्या तसं, ट्रकवाल्याच्या जबाबापेक्षाही नीट. वकीलबाईने नाक पुसायचं सोडून दिलं. आरोपीच्या जागी बसलेला ट्रकवाला हळूहळू ताठ होत होता.

"मग या गाडीत तसं झालं असू शकतं?" तिने विचारलं.

मुलगी तिसऱ्या बाकावर होती, मामाच्या शेजारी. तिने आईचा चष्मा लावला होता. तिला नंबर नव्हता, तरी त्या दिवसापासून ती तो लावून फिरत असे आणि तिचं डोकं दुखत असे.

"नाही," तो म्हणाला. "या गाडीत नाही. होज मी बसवला होता. गाडी आवारात होती तेव्हा मी स्वतः बघितलाय. जागेवर होता."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. निघताना तो जागेवरच होता.

ट्रकवाल्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. निकाल वाचला तेव्हा त्याने मिस्त्रीकडे बघितलं नाही, आपल्या भावाला ट्रकच्या मालकाबद्दल काहीतरी सांगत राहिला, किल्ल्या कुठे ठेवल्यात ते. व्हरांड्यात मेहुण्याने मिस्त्रीला मिठी मारली. "भाऊजी, काय बोललात! मास्तर व्हायला हवं होतं तुम्ही." मुलीने त्याचा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, आणि पायऱ्या उतरून बाहेर येईपर्यंत सोडला नाही. त्या पायऱ्या अकरा होत्या. त्या तो सावकाश उतरला, संपू नयेत म्हणून. आयुष्यात इतका सुखी तो फार कमी वेळा झाला होता, आणि सुख हे असंच असतं का, कुणाच्या तरी मानेवर बसलेलं, हा प्रश्नही त्याला तिथेच पडला, आणि मुलीचा हात गरम होता म्हणून त्याने तो प्रश्न बाजूला सारला.

आता ती त्याच्याशी बोलते. पूर्वी आईशी बोलायची ते सगळं. तिला वरच्या वस्त्यांवर नोकरी मिळाली आहे, तोच चढ, आठवड्यातून पाच दिवस. काल सकाळी चहा घेताना म्हणाली, "बाबा, मला गाडी घ्यावी लागेल. पण तुम्ही बघून द्या. तुम्ही हात लावल्याशिवाय मी कुठल्याच गाडीत बसणार नाही." त्याने हो म्हटलं. कुठली बघायची ते दोघांनी मिळून ठरवलं. ती म्हणाली टर्बोची नको, तो म्हणाला बरं.

अपिलाची मुदत सोमवारी संपते. कोर्टातला आपला जबाब फिरवायचा तर त्याच्या आत फिरवायला हवा, असं त्याने एका अनोळखी वकिलाला फोनवर, नाव न सांगता, विचारून घेतलं आहे. सर्दी झालेल्या त्या वकीलबाईचं ऑफिस गॅरेजपासून चालत बारा मिनिटांवर आहे. मंगळवारी तो तिथवर जाऊन पाटी वाचून आला. आज शुक्रवार आहे, ऑफिस सहापर्यंत उघडं असतं, आणि तो आत गेलेला नाही.